तिच्या नावाने लिहिलेली उत्तरं

तुम्हा दोघांनाही मसाल्याच्या व्हिडिओंतली ती आजी माहीत आहे. डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, हनुवटीवर गोंदण, आणि कढईतलं धान्य हलवणाऱ्या मुलीला दिलेला तो दम, "भाजायलीस का जाळायलीस गं?" धाकटीने मागे एकदा फोनवर मला तिची नक्कल करून दाखवली होती. इतक्या लांब, बर्फाच्या देशात बसून तिने मराठवाड्यातला तो हेल बरोबर उचलला, याचं मला कौतुक वाटलं होतं. थोरल्याने विचारलं होतं, "आजी, ती तुमच्या संभाजीनगरचीच ना? तू पाहिलंयस तिला?" मी हो म्हटलं आणि तुमच्याकडे थंडी किती आहे ते विचारलं.

पाहिलंय म्हणजे काय, तीस वर्षं ती माझ्या स्वयंपाकघराच्या दारात बसून माझे गहू निवडत होती. आणि त्या पेजवर, तिच्या फोटोखाली, तिच्या नावाने लोकांना जी उत्तरं जायची, ती मी लिहीत होते. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. आता सगळं क्रमाने लिहिते, कारण जन्मभर मुलींना निबंध क्रमाने लिहायला सांगितलं आणि आता सवय सुटत नाही.

ती मेंढरं राखणाऱ्या घरातली. लग्नानंतरची बरीच वर्षं ती सासऱ्याच्या मेंढरांमागे वर्षातले आठ महिने रानोमाळ हिंडली. पुढे मेंढरं विकली गेली, नवरा चितेगावला एका कारखान्यात लागला, नंतर मुलगाही लागला, आणि ती पैठण रस्त्याने शेअर रिक्षाने छावणीपर्यंत येऊन चार घरचं निवडण-टिपण करू लागली. माझ्याकडे मंगळवारी आणि शनिवारी. मला ती 'बाई' म्हणायची, शाळेतल्या मुली म्हणत तसं. मी तिला अगंतुगं करायचे.

आम्ही दोघी बोलायचो ते धान्याकडे बघून. हात चालू असले की माणूस जे एरवी बोलणार नाही तेही बोलून जातं. तिची थोरली लेक पहिल्या बाळंतपणात, सासरी, गेली होती. हे तिच्या घरी सगळ्यांना माहीत होतं. पण एका शनिवारी पाखडता पाखडता ती मला म्हणाली, "मी तिला बाळंतपणाला आणलंच नाय, बाई. मेंढरं लांब व्हती, जाफराबादच्या अंगाला. निरोप आला तवर समदं उरकलं व्हतं." तिने सूप झटकलं आणि म्हणाली, "ह्या गव्हात खडे लई हायत. दुकान बदला." पुन्हा तो विषय आमच्यात कधी निघाला नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या मुलीने येसर विकायचा व्यवसाय काढला. तुम्ही आला होतात तेव्हा मी येसराची आमटी केली होती आणि तुम्ही तिखट म्हणून वाटी सरकवली होती, तोच येसर. ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजून मसाल्याबरोबर दळायची. आपल्याकडे लग्नघरात तो लागतोच. ही मुलगी पुण्याला शिकून आलेली, चलाख, मायाळू. मला 'मॅडम' म्हणते, कारण तिची आई म्हणते. जुनं प्रमाण विचारायला ती माझ्याकडे आली, तो नेमका शनिवार होता. मी दाराकडे बोट दाखवलं. "मला नाही येत. हिला विचार."

"परमान कशाला लागतंय?" ही गव्हातून मान वर न काढता म्हणाली. "नाकाला कळतंय की."

मुलीने पटकन फोन काढला. "आजी, परत एकदा म्हणा ना."

"का? पुण्याच्या कानाला एकदा म्हणलेलं ऐकू येत नाय व्हय?"

हे दुसरं वाक्यही त्या फोनमध्ये गेलं. तो तिचा पहिला व्हिडिओ.

वर्ष-दीड वर्षात चितेगावला पत्र्याची शेड उभी राहिली, सहा बायका कामाला लागल्या, दळायला यंत्र आलं. जातं होतं ते कॅमेऱ्यापुरतं. गुलमंडीतल्या दुकानांत पाकिटं दिसायला लागली आणि पाकिटावर तिचा चेहरा. तिला बाजारात लोक थांबवून शेजारी उभं राहून फोटो काढायचे. ती म्हणायची, "मी काय सर्कशीतला हत्ती हाय व्हय?" पण पदर नीट करायची.

मुलगी मला समजावून सांगायची, "मॅडम, मसाला शंभर जण विकतात. लोक मसाला घेत नाहीत, आजी घेतात." तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, ती तिचा धंदा जाणत होती. मोठमोठे नट, खेळाडू लोकांना स्वतः उत्तरं देत नाहीत, त्यासाठी त्यांच्याकडे माणसं ठेवलेली असतात, हेही मला तिच्याकडूनच कळलं. "एखाद्याला त्याचं नाव घालून एक ओळ आली ना, की तो माणूस आपला झाला. पण आजींना लिहिता-वाचता येत नाही, सुनेला वेळ नाही. तुम्ही द्याल का उत्तरं? दोन-दोन ओळी. घरगुती."

मी हो म्हटलं. तुमचे आजोबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि माझी दुपार संपता संपत नसे. तिलाही विचारलं होतं. "बाई तुमच्या वतीने लिहितील," मुलगी तिला म्हणाली. "लिव्हू द्या की. बाई लई छान लिव्हतात," ती म्हणाली. तिला वाटलं, पाकीट कुठे मिळतं, केवढ्याला मिळतं, असलं काही मी लिहिणार. वतीने लिहिणं म्हणजे काय, हे तिला आम्ही दोघींनी उलगडून सांगितलं नाही.

मी ते काम शाळेसारखं केलं. एक लांब वही आणली आणि पट्टीने रकाने आखले: नाव, गाव, त्यांनी काय लिहिलं, मी काय लिहिलं, पुढे काय विचारायचं. कोणाच्या मुलाची परीक्षा असली तर निकालाच्या सुमारास विचारायचं. कोणाची सासू पडली असली तर प्लास्टर निघालं का, ते विचारायचं. इतर पेजवरून लोकांना बदाम आणि जोडलेले हात जातात. इथे आजी सहा आठवड्यांनी आपणहून विचारायची, "पोरा, पेपर कसं गेलं?" लोक हरखून लिहायचे, आजी, तुमच्या लक्षात राहिलं! लक्षात वहीच्या राहिलेलं असायचं. आधी मी माझ्या शुद्ध मराठीत लिहायचे, मग त्यात तिचे 'हाय', 'लई' आणि 'व्हय' बसवायचे. मला ते जमत होतं, आणि जमतंय याचा आनंद होता. तो आनंद मी इथे लपवत नाही.

एकदा तिच्या एका व्हिडिओखाली एका मुलीने इंग्रजीत लिहिलं होतं की मला अशी आजी हवी होती. मी नाव बघितलं. मग छोटा गोल फोटो मोठा करून बघितला. धाकटे, ती तू होतीस. तू काही वाईट लिहिलं नव्हतंस, माणूस सहज लिहून जातो. मी चष्मा पुसला, पाणी पिऊन आले, आणि मग आजीच्या नावाने लिहिलं, "पोरी, तुझी बी आजी आसंल की कुठंतरी. तिला फोन लाव." त्या रविवारी तुझा फोन आला आणि तू पाऊण तास बोललीस. वहीत तुझ्या नावापुढचा शेवटचा रकाना मी कोरा ठेवला.

आता त्या बंगळुरूच्या मुलीचं.

तिने पहिला मेसेज केला तेव्हा तिची आई जाऊन चार महिने झाले होते. येसराचं पाकीट कात्रीने कापलं आणि आईच्या स्वयंपाकघराचा वास आला, म्हणून ती ओट्यापाशीच खाली बसली, असं तिने लिहिलं होतं. मी दोन ओळी लिहिल्या. तिने परत लिहिलं. मग जवळजवळ रोजच. तिला वहीतलं एक पान पुरेना म्हणून मी तिच्यासाठी वेगळी वही केली. वडील नागपूरला एकटे, मुलीशी काय बोलावं ते न कळणारे. नवरा कामासाठी सहा-सहा महिने परदेशी. आई गेल्यावर तिला कोणी 'जेवलीस का' असं विचारत नव्हतं. मी विचारायचे. तिने एकदा फोन नंबर मागितला, तर मी लिहिलं, "पोरी, मला कानानं कमी ऐकू येतं." खऱ्या आजीचे कान तर असे की अंगणातल्या चिमण्यांचं भांडण आतून ओळखायची.

पुढे त्या मुलीला दिवस गेले. चौथा लागला तेव्हा तिने लिहिलं, "आजी, ऑफिसात सगळ्याजणी विचारतात, बाळंतपणाला माहेरी कधी जाणार. मी काय सांगू?"

त्या दुपारी मी जे लिहिलं ते जसंच्या तसं इथे उतरवते. "पोरी, माझी थोरली लेक पहिल्या बाळंतपणात गेली. मी तिला आणलंच नाय. मेंढरं लांब व्हती. तू तरी ये. माझं घर तुझं माहेरच समज."

आपल्याकडे असं म्हणायची रीत आहे. आई नसलेल्या पोटुशी मुलीला शेजारीणसुद्धा म्हणते, ये गं माझ्याकडे बाळंतपणाला. ती येत नसते, पण तिला बरं वाटतं. मी रीतीला धरून लिहिलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत राहिले. पण मेंढरांचं वाक्य रीतीत कुठे बसतं? ते मी घातलं, कारण ते घातल्याबरोबर मेसेज चांगला झाला. मी तो दोनदा वाचला, एक शब्द मागेपुढे केला आणि पाठवला.

मुलीने उत्तर दिलं, "आजी, सातवा लागला की निघते." मी लिहिलं, "ये, वाट बघते." मला वाटलं, तीही रीतच पाळते आहे.

पाकिटावरच्या पत्त्यावर विचारत विचारत ती खरंच आली. सकाळी अकराच्या सुमाराला मला चितेगावहून सुनेचा फोन आला. "बाई, तुम्ही जरा येता का? एक पोरगी आलीया. पोटुशी हाय, दोन बॅगा हायत. आत्याबाईंच्या कानात वरडून आजी, आजी करायलीय. आत्याबाई नुसत्या बसल्यात, काय बोलनात."

रिक्षात मी काय बोलायचं ते ठरवत होते. चितेगाव येईपर्यंत माझी तीन वाक्यं तयार होती.

त्यांचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा, दारात पाण्याचे दोन ड्रम. मुलगी पलंगावर बसली होती. तिने सैल सुती झगा घातला होता आणि तिची पावलं सुजून गोल झाली होती. ही भिंतीला टेकून खाली बसली होती. मुलीने तिचा एक हात दोन्ही हातांत धरला होता आणि तो हात तिने काढून घेतलेला नव्हता, एवढं माझ्या लक्षात आलं. मी दारात उभी राहिले तशी तिने मान वर केली.

"बाई, ही पोरगी म्हणती, मी हिला माझ्या लेकीचं सांगितलं. मेंढरं लांब व्हती म्हणून आणली नाय, ते बी मीच सांगितलं म्हणती." ती थांबली. "मी सांगितलं व्हय ओ?"

"आजी, असं काय करता?" मुलगी रडता रडता हसली. "हे बघा ना, तुमचाच मेसेज." तिने फोन तिच्यापुढे धरला. ज्या अक्षरांचं तिला काहीच कळत नव्हतं, त्यांच्याकडे ती बघत राहिली.

माझी तीन वाक्यं होती, त्यातलं एकच पुरलं असतं. 'ते मी लिहिलं.' दुसरीतल्या मुलीलाही म्हणता येईल इतकं सोपं. शेजारणीचं बघून लिहिणाऱ्या किती मुलींना मी वर्गात उभं करून हेच वाक्य वदवून घेतलं असेल. मी त्या मुलीच्या पायांकडे बघत उभी राहिले.

शेडमधलं यंत्र चालू होतं, त्याचा आवाज येत होता. मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"सांगितलं आसंल," ती म्हणाली. "म्हातारपण हाय, ध्यानात राहत नाय. सूनबाई, पाणी तापव. मीठ टाक त्यात. पोरीचे पाय सुजल्यात, दिसंना का तुला?"

मुलीने डोळे पुसत माझ्याकडे बघून विचारलं, "आजी, या कोण?"

"शाळेतल्या बाई हायत," ती म्हणाली. "निघाल्यात त्या."

मी निघाले.

पुढचे आठ दिवस मी तिथे नव्हते. जे लिहिते आहे ते सुनेने नंतर फोनवर सांगितलेलं. मुलीला पलंग दिला, ही पलंगाच्या पायथ्याशी सतरंजी टाकून निजायची. शेजारच्या बायका विचारायला आल्या तर म्हणाली, "माझी लेक हाय, बंगळुरात दिलीया." रोज सकाळी मुलीचं डोकं तेल लावून विंचरायची. आणि रोज दुपारी जेवणं झाली की ती मुलगी फोन घेऊन तिच्याजवळ बसायची आणि वर्षभराचे मेसेज पहिल्यापासून वाचून दाखवायची. तिचे स्वतःचे, आणि 'आजीचे', जे आजी सांगते आणि कोणीतरी लिहून घेतं असं तिने धरलं होतं.

"ती वाचायची, आत्याबाई ऐकायच्या," सून म्हणाली. "मधीच इचारायची, आजी, हे आठवतं का? आत्याबाई म्हणायच्या, व्हय, म्हणले आसंल. एकदा हसल्या बी, बाई. म्हणल्या, मी अशी बोलते व्हय गं?"

मी फोन ठेवून दिला.

येसरवाल्या मुलीला ही बातमी शेडमधल्या बायकांकडून कळली आणि तिने मला आनंदाने फोन केला. "मॅडम, केवढं सुंदर आहे हे! आजीकडे लेक आली. आपण डोहाळजेवण करू. साडी माझ्याकडून, फुलांचे दागिने मी आणते. थोडंसंच शूट करू, लोक रडतील बघा." मी तिला सांगितलं की त्या मुलीला आजीने बोलावलेलं नाही, मी बोलावलंय, आणि कोणत्या शब्दांत. ती म्हणाली, "पण मॅडम, भावना तर खऱ्याच होत्या ना?"

ती साडी घेऊन गेली. दारातच तिला ऐकावं लागलं, "साडी ठिवा. फोन पिशवीत घाला. माझ्या लेकीची ओटी भरताना फोन दिसला, तर येसरासंगं कढईत भाजीन." तिने फोन पिशवीत घातला. तो पुन्हा बाहेर काढला नाही, इतरांबरोबर जेवली, आणि जाताना भांडी घासू लागली, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

बंगळुरूची मुलगी अर्थातच वेडी नव्हती. दोन खोल्यांत किती माणसं झोपतात, ड्रममधलं पाणी किती दिवस पुरवतात, हे तिला दुसऱ्या दिवशीच दिसलं असणार. पण ती जाते म्हणेना. शेवटी हिनेच तिच्या वडिलांचा नंबर मागून घेतला आणि सुनेला लावायला सांगितला. त्या कधी न पाहिलेल्या गृहस्थांना ती म्हणाली, "तुमची लेक माझ्यापाशी हाय, सुखात हाय. पण तिला बापानं आणायला पाहिजे का नाय? घरात बाईमाणूस नाय म्हणून काय झालं? बाई लावा कामाला. पण आणा तिला. मागून रडून काय उपेग नसतोय." ते दुसऱ्या दिवशी आले. सून म्हणाली, दारात चप्पल काढतानाच रडायला लागले. हिने मुलीची ओटी भरली, दशम्या आणि शेंगांची चटणी बांधून दिली, वेशीपर्यंत गाडीबरोबर चालत गेली.

पुढच्या मंगळवारी ती माझ्याकडे आली नाही. शनिवारीही नाही. सून म्हणाली, "आत्याबाईंचं गुडघं दुखायलंय." महिन्याभराने तिने शेडवर जाणंही सोडलं, आणि येसरवाल्या मुलीला सांगितलं की जे घेतलंय ते दाखवा, नवीन काही घेऊ नका. त्यामुळे तुम्हाला आता दिसतात ते सगळे जुने व्हिडिओ आहेत. मीही लिहिणं थांबवलं. वह्या बांधून माळ्यावर टाकल्या. येसरवाल्या मुलीने गयावया केली, पण तिचंही अडलं नाही. हल्ली उत्तरं कोण देतं मला ठाऊक नाही, माणूस देतं की यंत्र. मी कधीमधी बघते. 'हाय' आणि 'लई' जागच्या जागी असतात.

माझ्या फोनमधून ते पेज काढून टाकायचं राहिलं होतं, तेवढ्यात एक दिवस बंगळुरूच्या त्या मुलीचा मेसेज दिसला. "आजी, मुलगी झाली. दोघी सुखरूप." खाली बाळाचा फोटो, मूठ मिटलेली. मी तो किती वेळ बघितला असेन. वर्षभर मी त्या मुलीला जेवलीस का म्हणून विचारलं होतं, तिच्या तपासण्यांच्या तारखा माझ्या वहीत होत्या, आणि तिच्या लेखी मी शाळेतली कोणी एक बाई होते, निघालेली. मी कोणाला सांगू शकत नव्हते की मला आनंद झालाय. मग मनात आलं, चितेगावला जाऊन हा मेसेज वाचून दाखवावा. तेवढं तरी निमित्त होतं.

ती दारात शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली, आतून खुर्ची आणली, पदराने पुसली.

"या मॅडम. बसा."

तीस वर्षांत तिने मला मॅडम म्हटलं नव्हतं. सून चहा घेऊन आली, ताटलीत बिस्किटं मांडून, पाहुण्यांना देतात तसा. मी फोन काढला. "त्या मुलीचा मेसेज आलाय. तिला..."

"ठाव हाय. मुलगी झाली." ती शेंगा फोडत राहिली. "सुनेच्या फोनवर रोज फोन असतोय, दिवेलागणीला. बाप लई करायलाय म्हणती. मेथीचे लाडू जमनात, तेवढं इचारत व्हती."

मी फोन पर्समध्ये ठेवला. चहा पिऊन झाल्यावर म्हटलं, "मला तुझी माफी मागायची आहे. आणि तिचीही. मी तिला सगळं लिहून कळवणार आहे, की ते मी..."

"कशाला?"

"खरं ते तिला कळायला हवं."

"तुमचं मन हलकं व्हईल. आन् तिचं जड झालं तर? बाळंतीण हाय ती. अंगावर पाजायलीय." तिने टरफलं बाजूला लोटली. "नाय सांगायचं. कंदीच नाय. मला शब्द द्या."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

तिने आणखी मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. मग माझ्याकडे न बघता, शेंगांकडेच बघत म्हणाली, "एक इचारू? माझ्या लेकीचं लिव्हताना तुम्हाला रडू आलं व्हतं का?"

मी आठवून बघितलं. खुर्ची, चष्मा, मागेपुढे केलेला तो शब्द. "नाही," मी म्हटलं.

"मला वाटलंच," ती म्हणाली. "ती वाचायची तवा मला यायचं."

सून मला रिक्षापर्यंत पोचवायला आली. तिने दिलेल्या शेंगांची पिशवी मी मांडीवर घेऊन बसले. हल्ली माझे गहू मी स्वतःच निवडते. डोळे पहिल्यासारखे नाहीत, खडे राहून जातात.

तुम्ही दोघं त्या पेजवर अजून जाता, हे मला माहीत आहे. ती मुलगीही तिथे येते, जुन्या व्हिडिओखाली लेकीचे फोटो टाकते, तिला बसता यायला लागलं, दात आला. तिथे हे लिहू नका. मित्रमैत्रिणींना गंमत म्हणूनही सांगू नका, अशा गोष्टी फिरत फिरत कुठेही पोचतात. मी चितेगावला शब्द दिला आहे आणि तुम्हाला सांगून तो थोडा मोडलाच आहे. आता तो तुम्हालाही पाळावा लागेल.